विद्यार्थी दिवस: बाबासाहेबांच्या शिक्षणामागचे हात आणि आपल्या वस्तीतली मुले

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत नऊ वर्षांच्या एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर त्याचे नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा दिवस धानकापणीच्या ऐन हंगामात येतो. मायबाप पहाटेच बांधीवर गेलेले असतात. मोठी बहीण लहान भावाला सांभाळायला घरी थांबते, आठवी-नववीतला मुलगा मजुरीला जातो. शाळेच्या पटावर नावे सगळी असतात, वर्गात मुले कमी असतात. त्याच दिवशी शाळेत आणि विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि भाषणे होतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, दिव्याखाली वाचायचे, तुम्हीही तसेच करा, असे मुलांना सांगितले जाते.

हे सांगणे खोटे नाही. बाबासाहेबांच्या कष्टांना तोड नाही. पण एवढेच सांगून थांबलो, तर मुलांच्या मनात एक चुकीचा हिशेब पक्का होतो. जिद्द असेल तो पास होतो आणि नापास होतो त्याच्यात जिद्द नसते, असा तो हिशेब आहे. दहावीत नापास झालेले किंवा शाळा सोडलेले मूल मग स्वतःलाच दोषी समजते. आम्ही सामाजिक कामाच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा हा अपराधीपणा मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. म्हणून या विद्यार्थी दिनी बाबासाहेबांचे जीवन एका वेगळ्या प्रश्नाने वाचावे असे आम्हाला वाटते. हा मुलगा शिकू शकला तेव्हा त्याच्या पाठीशी नेमके कोण उभे होते? आणि जिथे कोणी उभे नव्हते, तिथे त्याचे काय झाले?

साताऱ्याची शाळा: गोणपाट, पाणी आणि भाकरी

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. पुस्तकांवर प्रेम करणारा, मुलांना शेजारी बसवून शिकवणारा बाप ही त्या घराची पहिली पुंजी होती. त्या काळातील बहुसंख्य अस्पृश्य घरांमध्ये अक्षरओळखच नव्हती. भीमराव पाच वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी आईविना लेकरांना जवळ घेतले.

साताऱ्याच्या शाळेत या मुलाला काय सोसावे लागले, ते आपण सगळे जाणतो. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही रोज परत न्यायचे, कारण शाळेतला झाडूवाला त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई जागेवर नसेल तर तहानेलेच राहायचे. न्हावी केस कापत नसे, म्हणून घरी बहीण केस कापायची. ज्या मुलाचे अर्धे लक्ष आपण कुठे बसायचे आणि पाणी कधी मिळेल यात गुंतलेले असते, त्याचे गणितात किती लक्ष लागणार? अपमान हा अभ्यासाच्या आड येतो, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

याच शाळेत वेगळी वागणूक देणारे शिक्षकही भेटले. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाकरी-भाजी या मुलाला देत. पुढे कितीतरी वर्षांनी, देशभर नाव झाल्यावरही, बाबासाहेबांनी त्या भाकरीची गोडी आठवणीने सांगितली. पेंडसे नावाच्या दुसऱ्या शिक्षकांनी पावसात ओलाचिंब होऊन आलेल्या या मुलाला आपल्या घरी पाठवून आंघोळीला गरम पाणी देण्याची व्यवस्था केली. या दोन शिक्षकांनी जातिव्यवस्था बदलली नाही, पण शाळेत आपले कोणीतरी आहे ही भावना त्या मुलाला त्यांच्यामुळे मिळाली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शाळेविषयीच्या आपलेपणावर पानेच्या पाने वाचली. त्या सगळ्याचा अर्थ त्या भाकरीत सामावलेला आहे.

आणखी एक प्रसंग आहे, तो भाषणांमध्ये फारसा येत नाही. साताऱ्याला असताना एक वेळ अशी आली की, भीमरावांनी शाळा सोडून मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत काम धरायचे ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी काढायचा त्यांनी काही रात्री प्रयत्न केला. शेवटी पिशवी हाती लागली, तर तिच्यात फक्त अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्यात मुंबई गाठणे शक्य नव्हते. मग त्यांनी मनाशी ठरवले की आता नीट अभ्यास करायचा आणि लवकर आपल्या पायावर उभे राहायचे. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे.

म्हणजे ज्यांना आपण ज्ञानाचे प्रतीक मानतो, ते लहानपणी शाळा सोडण्याच्या अगदी काठावर आले होते. आज आपल्या जिल्ह्यातून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दप्तर टाकून नागपूरला हॉटेलात किंवा बांधकामावर जातो, तेव्हा त्याला वाया गेलेला म्हणण्याआधी साताऱ्यातला तो मुलगा आठवावा.

परळची एक खोली आणि मागे राहिलेला भाऊ

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सगळा संसार होता. त्याच खोलीत चूल, धूर, जळण, माणसे आणि तिथेच अभ्यास. रामजींनी यावर एक उपाय काढला. मुलाने लवकर झोपायचे आणि बापाने रात्री दोनपर्यंत जागायचे. दोन वाजता बाप मुलाला उठवायचा आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवा व्हायचा. घर शांत असताना कंदिलाच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचायचे. आपण ज्या जागरणाचे कौतुक करतो, त्यातले अर्धे जागरण बापाचे होते.

पुस्तकांसाठीही बापाने असाच जीव टाकला. हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत देत. मंजुळा आणि तुळसा या बहिणींना शाळा लाभली नाही. भावाच्या कपाटातील पुस्तकांमागे मात्र त्यांचे दागिने होते.

दोन मुलांना हायस्कूलमध्ये शिकवणे त्या पेन्शनीत शक्य नव्हते. थोरले भाऊ आनंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली आणि भीमराव पुढे शिकले. आनंदराव बुद्धीने कमी होते असे कोणी म्हटलेले नाही. एका घरातून एकाच मुलाला शिकवण्याइतका पैसा होता, एवढेच खरे. बाबासाहेबांचे चरित्र वाचताना आम्ही या ओळीवर नेहमी अडखळतो. आपल्या प्रत्येक वस्तीत असे आनंदराव आहेत, आणि त्याहून अधिक मंजुळा-तुळसा आहेत.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती. तिथेही फळ्याजवळ जायला सांगितल्यावर सवर्ण मुलांनी गलका केला, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. ते डबे बाजूला झाले, मगच या मुलाला फळ्यापर्यंत जाता आले. संस्कृत शिकायची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ते शिकवले गेले नाही, फारसी घ्यावी लागली. अशा परिस्थितीत १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले.

हे गुण मुलांना आवर्जून सांगा. टक्केवारी काढली तर चाळीसच्याही खाली जाते. आजच्या फ्लेक्सवरच्या अभिनंदनात या गुणांना जागा मिळाली नसती. पण त्या काळच्या समाजाने या यशाचे मोल ओळखले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र या मुलाला भेट दिले. गुणपत्रिकेतला आकडा पाहून त्या दिवशी कोणी पाठ फिरवली असती, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

पंचवीस रुपये, पण वेळेवर

केळुसकर गुरुजींची ओळख त्याआधीची होती. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले. ते काही त्याच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. त्यांनी फक्त एका मुलाकडे लक्ष दिले आणि ते लक्ष कित्येक वर्षे काढून घेतले नाही.

कॉलेजमध्ये असताना आजारपणामुळे भीमरावांचे एक वर्ष बुडाले. इंटरनंतर घरची आर्थिक ओढाताण इतकी झाली की शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत हा विषय नेला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजमधील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ च्या बी.ए. परीक्षेत भीमराव उत्तीर्ण झाले.

या पंचवीस रुपयांचे महत्त्व रकमेइतकेच वेळेतही होते. गरज असताना ते हातात पडत होते. परीक्षा संपल्यावर वर्षभराने ते आले असते, तर त्यांचा उपयोग काय होता? आज आपल्या मुलांची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर अडकते. कधी उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, कधी आधार बँक खात्याला जोडलेले नसते, कधी कॉलेजच्या लॉगिनवर अर्ज पडून राहतो. घरची मंडळी तोवर खासगी सावकाराकडून किंवा बचत गटातून पैसे उचलतात. कागदोपत्री शिष्यवृत्ती मंजूर असते आणि मूल मात्र कॉलेज सोडून कामाला लागलेले असते. उशिरा आलेली मदत ही पुष्कळदा न आलेल्या मदतीसारखीच असते.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे बसायला गोणपाट नव्हते, पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागत नव्हती, वसतिगृहात खोली होती, ग्रंथालय खुले होते. अठरा तास अभ्यासाची जी गोष्ट आपण सांगतो, ती मुख्यतः इथली. अपमानाचे ओझे उतरले, पोटाची आणि निवाऱ्याची सोय झाली, तेव्हा ही बुद्धी कुठवर झेप घेऊ शकते ते जगाला दिसले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले.

या सगळ्या वर्षांत रमाई इकडे घर सांभाळत होत्या. गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून त्यांनी संसार ओढला. लेकरांचे मृत्यू पाहिले. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचताना हे नाव त्या यादीत धरलेच पाहिजे.

पदवी होती, खोली नव्हती

करारानुसार नोकरी करायला बाबासाहेब बडोद्याला गेले. परदेशात शिकलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लावून मुक्काम केला. थोड्याच दिवसांत जात उघडकीला आली, काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी गाडीच्या वेळेची वाट पाहिली आणि मुंबई गाठली.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदतीचा हात दिला, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एकेक पैसा वाचवत, दिवसभर ग्रंथालयात बसून त्यांनी अभ्यास पुरा केला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, बॅरिस्टरही झाले.

आता यशाची गोष्ट इथे संपवता आली असती. एवढा शिकलेला माणूस आपल्यापुरते सुखाने जगू शकला असता. पण बाबासाहेबांनी आपल्या शिक्षणाचा वेगळा अर्थ लावला, असे आम्हाला त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. त्यांना भाकरी देणारे शिक्षक भेटले, केळुसकर गुरुजी भेटले, सयाजीराव आणि शाहू महाराज भेटले. हे भेटणे नशिबाचा भाग होता. ज्या हजारो मुलांना असे कोणी भेटत नाही, त्यांचे काय? एखाद्या भल्या माणसाच्या दयेवर मुलाचे शिक्षण अवलंबून राहू नये, त्यासाठी संस्था हवी, कायदा हवा, सरकारी तिजोरीतला हक्काचा पैसा हवा. पुढची तीस वर्षे ते याच दिशेने काम करत राहिले.

वसतिगृहापासून मिलिंद महाविद्यालयापर्यंत

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. सभेच्या पहिल्या कामांपैकी एक काम वसतिगृहाचे होते, हे लक्षात घ्या. खेड्यातल्या मुलाला हायस्कूलसाठी शहरात यावे लागे आणि शहरात त्याला कोणी खोली देत नसे. शाळेचे दार उघडले तरी झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल, तर ते दार त्याच्यासाठी बंदच होते.

१९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक आकडा मांडला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार किती मुलांना प्रवेश देते यापेक्षा किती मुलांना शाळेत टिकवते, हा प्रश्न त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारला. गळती हा शब्द आज प्रत्येक शैक्षणिक अहवालात सापडतो. बाबासाहेबांनी तेव्हाच गळतीचा दोष मुलांवर ढकलला नाही, खर्च आणि व्यवस्थेला जाब विचारला.

१९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली. सरकारने मंजूर केलेल्या पाच वसतिगृहांची जबाबदारी या संस्थेकडे आली. अनुदान पुरत नव्हते, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या समाजांतील लोकांकडे मदत मागितली. धारवाडच्या वसतिगृहात मुलांची उपासमार होताना पाहून रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रामजींनी मुलींचे दागिने गहाण ठेवले होते ते घरातल्या एका मुलासाठी. रमाईंच्या बांगड्या परक्या घरातल्या पोरांसाठी गेल्या. चळवळ मोठी होते ती अशी.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिच्यासोबत महिलांचीही परिषद झाली. हजारो बायाबापड्यांसमोर बाबासाहेबांनी मुलांना स्वच्छ ठेवा, शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे सांगितले आणि मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका हेही सांगितले. मुलाचे मन हा शिक्षणाचा भाग आहे, हे त्यांनी आयांना समजावले. विदर्भातील सुशिक्षित बौद्ध पिढीत त्या सभेला गेलेल्या बायांची मुलेही होती.

त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राने पैसा द्यावा, यासाठी त्यांनी निवेदन देऊन पाठपुरावा केला. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हे त्याचे फळ. ज्या जीओआय शिष्यवृत्तीवर आमच्यासकट आपल्यापैकी असंख्य जण शिकले, ती या पाठपुराव्यातून आलेली आहे. सयाजीरावांच्या पंचवीस रुपयांचे बाबासाहेबांनी हक्काच्या योजनेत रूपांतर केले, असे आम्ही समजतो.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. नागसेनवनातील त्या वसतिगृहांनी मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील मुलांना निवारा दिला. दलित साहित्याचे आणि चळवळीचे कितीतरी लोक तिथून घडले. मुलाला काय लागते याची यादी बाबासाहेबांना पुस्तकातून काढावी लागली नव्हती.

भंडाऱ्याशी नाते

१९५४ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात लोकसभेची पोटनिवडणूक लढवायला आले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता आणि जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. प्रकृती ढासळलेली, तरी एप्रिल-मेच्या उन्हात त्यांनी सभा घेतल्या. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. संविधानाच्या शिल्पकाराला आपल्या जिल्ह्याने दिल्लीला पाठवले नाही, ही खंत इथल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यातून अनेक वर्षे जात नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच जिल्ह्यातून हजारो लोक पायी, बैलबंडीने, रेल्वेने नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेले आणि बौद्ध होऊन परतले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

१९५४ चे ते मतदान आता बदलता येत नाही. आपल्या वस्तीतल्या मुलांचे काय होते, हे मात्र अजूनही आपल्या हातात आहे.

आजचे गोणपाट

आज वर्गात गोणपाट दिसत नाही. पण निकालाच्या वेळी कोट्यावरून मारलेला टोमणा, हॉस्टेलमधील कुजबुज, आडनाव विचारून बदललेला सूर, इंग्रजी न आल्याची लाज हे सगळे आहे. २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघेही शिकण्याच्या सर्व परीक्षा पार करून तिथवर पोहोचले होते. त्यांच्या गुणवत्तेवर कोणी शंका घेऊ शकत नव्हते. अशा मुलांना संस्थेत आपलेपणा आणि संरक्षण मिळायला हवे, ही मागणी आपल्या चळवळीची पहिली शैक्षणिक मागणी असली पाहिजे.

गावपातळीवर प्रश्न आणखी साधे आहेत. लाखांदूर, पवनी, साकोली, तुमसरच्या आतल्या गावांतून हायस्कूलला जायचे तर एसटी वेळेवर हवी. ती चुकली की मुलीची शाळा बुडते, आणि चार वेळा बुडली की बाप तिचे नाव काढतो. धान संपले की काही कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, मुले सोबत जातात. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा अधूनमधून डोके वर काढते. शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित आहेत. ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, पण अनेक घरांपर्यंत तिची माहितीच पोहोचत नाही.

म्हणून जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम जरूर घ्या. त्यासोबत हेही करा.

आपल्या वस्तीत पहिली ते बारावीच्या वयाची किती मुले आहेत आणि त्यातली किती शाळेत जात नाहीत, याची यादी करा. सत्कार पहिल्या आलेल्यांचा होतोच. गैरहजर राहणाऱ्याच्या घरी जाऊन कारण विचारणारे कोणी नसते. ते काम युवकांनी करावे.

विहार संध्याकाळी उघडा ठेवा. दिवा, पंखा, चटई, पिण्याचे पाणी आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस एवढे पुरते. परळच्या खोलीत रामजींनी जी शांतता मुलासाठी तयार केली, ती आज एका खोलीत राहणाऱ्या मुलांना विहार देऊ शकतो. मुलींना घरी परत सोडण्याची जबाबदारीही ठरवून घ्या.

जून-जुलैत दाखल्यांचे शिबिर घ्या. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खाते ही कामे एकाच दिवशी एका ठिकाणी झाली, तर शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे निम्मे अर्ज अडणार नाहीत. अर्ज अडलाच, तर समाजकल्याण कार्यालयात एकट्या मुलाला पाठवू नका. चार जण सोबत जा.

प्रत्येक शिकलेल्याने एका मुलाचा केळुसकर व्हावे. पैसे देता आले नाहीत तरी चालेल. महिन्यातून दोनदा विचारपूस, एखादे पुस्तक, पुढे काय शिकायचे याची माहिती आणि नापास झाल्यावरही न तुटलेला संबंध, एवढे तरी प्रत्येकाला देता येते.

आणि मूल गप्प राहायला लागले, जेवण-झोप बिघडली, जगून काय करायचे असे बोलू लागले, तर त्याला भाषण देऊ नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आणि लहान मुलांसाठी १०९८ वर मदत मिळते. हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

बाबासाहेबांसारखे व्हा असे मुलांना सांगण्याआधी त्यांच्यामागे रामजी, मीराआत्या, रमाई आणि केळुसकर गुरुजींसारखी माणसे उभी आहेत का, हे आपण मोठ्यांनी पाहायचे आहे. येत्या ७ नोव्हेंबरला आपल्या गावातली गैरहजर मुलांची यादी तयार असू द्या. हार घालून झाला की ती यादी विहारात मोठ्याने वाचा आणि प्रत्येक नावापुढे जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!